कुठे काय घ्यावं

४ ऑक्टोबर १९९९

निवृत्त माणसाने काय करावं यावर महाडात प्रत्येकाचं मत तयार असतं. कुणी म्हणतं भजनी मंडळात या, कुणी म्हणतं विमा विका. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. सगळी नोकरी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. वाण्याने पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी दुकानाच्या पायरीवरून ओळखत असे. ही विद्या भजनात वाया घालवायची नाही असं ठरवलं आहे.

आपला माणूस प्रवासाला गेला की पिशव्या भरभरून आणतो, आणि घरी आल्यावर कळतं की म्हैसूरचा म्हणून आणलेला हत्ती पनवेललाही मिळतो, तोही स्वस्त. कुठल्या गावात काय घ्यावं, कुठली वस्तू खरोखर तिथली आणि कुठली बाहेरून आणून मांडलेली, हे सांगणारं छोटं पुस्तक मी लिहिणार. नाव ‘कुठे काय घ्यावं’. छापखानेवाले भिकाजी म्हणाले, यज्ञेश्वरराव, लिहून आणा, छापू.

सुनीतीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, आपण दोघांनी फिरायचं, बायकामुलांच्या वस्तूंची पारख तू करायची. तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, बरं. घरात आम्ही दोघंच, तेव्हा कुलूप लावलं की निघालो.

भावांची वही वेगळी केली आहे. इथे बाकीचं.

१७ ऑक्टोबर

महाबळेश्वर. सकाळच्या एसटीने पोलादपूरवरून घाट चढून गेलो, संध्याकाळी परत. बाजारात चणे उत्तम, जॅमही चांगला, काठ्या बऱ्या. चंदनाचा म्हणून जो हत्ती दाखवतात त्याला पोटाखाली नखाने खरवडलं. वास वरवरचा, आत साधं लाकूड. दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला.

सुनीतीने लहान मुलीच्या चामडी चपला घेतल्या, लाल गोंड्याच्या. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, शेजारच्या देवश्रीच्या भाचीला. मी समजावून सांगितलं की वाढत्या पायाला चामडी चपला घेणं हा शुद्ध तोटा. तिने ऐकलं नाही.

येताना पोलादपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती पाणी पिते म्हणून उतरली. खिडकीतून पाहिलं तर एका नऊवारीतल्या म्हातारीशी बोलत उभी होती. ओळखीची का, विचारलं. म्हणाली, असंच, बोलली ती माझ्याशी. सुनीती कुणाशीही बोलते.

२१ नोव्हेंबर

सावंतवाडीहून आलो. वीरला रेल्वेत बसावं आणि जेवणाच्या वेळेला सावंतवाडीत उतरावं, कोकणात असं कधी होईल वाटलं नव्हतं. तिथली लाकडी फळं आणि खेळणी ही आजवर पाहिलेली सगळ्यांत प्रामाणिक वस्तू. कारागीर समोर बसून रंग देतो. पैशाचं पुरेपूर मोल. तसं वहीत लिहिलं.

सुनीतीने लाकडी भातुकली घेतली. जातं, पाटा, बोटभर उंचीचा बंब. या वेळी मी काही बोललो नाही, काम खरंच सुबक होतं. म्हटलं, कपाटात मांडू.

२९ नोव्हेंबर

भातुकली कपाटात नाही. सुनीती म्हणते, बारशाला दिली. कुणाच्या, ते नीट सांगितलं नाही. नमुन्याच्या वस्तू अशा वाटून टाकल्या तर तुलना कशी करायची?

२८ डिसेंबर, जयपूर

थंडी कडाक्याची. रजई घ्यावी, हलकी आणि ऊबदार. पण वजन करून घ्यावी, कापसाच्या नावाखाली काहीही भरतात. कळसूत्री बाहुल्या रस्त्यावर निम्म्या भावात. मोजडी चावते.

लाखेच्या बांगड्यांच्या गल्लीत सुनीती रमली. लहान मुलीच्या हव्यात म्हणाली. बांगडीवाल्याने वय विचारलं. सुनीती म्हणाली, चौथं सरेल आता, पण मनगट तीन वर्षांच्या पोरीचं असतं तसं बारीक आहे, अंगच धरत नाही. बांगडीवाला मूळचा नाशिककडे राहिलेला, त्याला मराठी कळत होतं. त्याने निखाऱ्यावर लाख तापवून बांगडी लहान करून दिली आणि वर आणखी दोन तशाच दिल्या, पैसे घेतले नाहीत. धंदेवाईक माणूस असं का करतो हे मला कळलं नाही. सुनीतीने त्याला हात जोडले.

देवश्रीच्या भाचीची तिला इतकी माहिती कशी, याचंही नवल वाटलं.

१३ जानेवारी २०००

आज एक अप्रिय गोष्ट झाली. लिहून टाकतो.

दुपारी मी भिकाजींकडे निघालो होतो, तर सुनीती बिरवाडीच्या रिक्षांच्या रांगेत उभी. हातात कापडी पिशवी. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, गुरुवार ना, दत्ताला गेले होते. दत्ताचं देऊळ त्या दिशेला नाही. मी तसं म्हटलं.

रात्री पानावर बसलो असताना ती म्हणाली, "तुमच्याशी बोलायचंय. चैत्रालीकडे..."

मी पानावरून उठलो.

चैत्राली आमची मुलगी. एकुलती एक. साडेपाच वर्षांपूर्वी तिने सहदेव नावाच्या मुलाशी लग्न केलं. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला, बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारा, मूळ पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतलं शेतकरी घर. आमच्यातला नव्हे. माझ्यासमोर उभं राहून तिने ते सांगितलं, विचारलं नाही. त्यानंतर तिचं नाव या घरात घ्यायचं नाही असं मी बजावलं, आणि आजवर ते पाळलं गेलं होतं.

हात धुऊन बाहेर येऊन बसलो. सुनीतीने माझं पान झाकून ठेवलं. ती स्वतः जेवली की नाही, पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी

दक्षिणेच्या सहलीचे पैसे भरून झाले आहेत. पनवेलची कंपनी, बंगळूर, म्हैसूर, मदुराई, कन्याकुमारी. रविवारी निघायचं. आज सुनीती म्हणाली, मी आले नाही तर चालेल का, तुम्ही एकटे जा. कारण विचारलं तर म्हणाली, बरं वाटत नाही. ताप नाही, खोकला नाही. मी सांगितलं, आता रद्द केलं तर निम्मे पैसे बुडतील, आणि मदुराईच्या साड्यांतलं मला काय कळतं?

ती म्हणाली, "पैसेच ना फक्त."

मी म्हटलं, पैसेच फक्त असं ज्याला वाटतं त्याच्यासाठीच हे पुस्तक आहे. बोलणं मला तेव्हा समर्पक वाटलं. ती देवघरात जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने बॅग काढली.

८ फेब्रुवारी, म्हैसूर

बंगळूरहून येताना चन्नपट्टणला गाडी थांबवली. लाखेचे रंग दिलेली लाकडी खेळणी. सावंतवाडीशी तुलना करण्यासारखी. रंग इथला सरस, आकारात सावंतवाडीवाले पुढे. सुनीतीने चाकांचं बदक घेतलं, दोरीने ओढलं की मान हलवणारं. हॉटेलात मी कागदावर टिपणं काढत होतो तेव्हा ती ते पलंगावर पुढेमागे ओढून बघत होती.

चंदनाचा साबण सरकारी दुकानातूनच घ्यावा. अगरबत्ती सुटी घेऊ नये.

रोज संध्याकाळी सुनीतीला एसटीडी बूथ लागतो. देवश्रीकडे घराची किल्ली आहे, तुळशीला पाणी घातलं का विचारते. रोज काय विचारायचं? आज बूथमधून आली तेव्हा चेहरा जरा मोकळा होता. म्हणाली, आज बरं आहे. मी म्हटलं, तुळशीचं काय बरं आणि वाईट.

१२ फेब्रुवारी, मदुराई

देवळाबाहेरच्या बाजारात खूप चाललो. ठिपक्यांच्या सुती साड्या इथे घ्याव्यात, रंग पक्का आहे की नाही ते ओल्या रुमालाने पाहून. पितळी समया वजनावर. काटा मी स्वतः तपासला, दुकानदार हसला, पण काटा चोख होता. असं दुकान भेटलं की बरं वाटतं.

संध्याकाळी सुनीती बूथमध्ये गेली. मी बाहेर साडीचा भाव लिहून घेत होतो. ती आली आणि बूथच्या पायरीवर बसली. लोक जात-येत होते, ती उठेना. मी कॉफी आणून दिली. पेला हातात तसाच राहिला.

ती म्हणाली, "आपण घरी जाऊ या. आत्ता."

मी विचारलं, का. तिने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि काही सांगितलं नाही. मी म्हटलं, परतीची तिकिटं सगळ्यांची एकत्र आहेत, मध्येच कसं जाता येईल. देवश्रीने तुळस वाळवली का? वाळली तर वाळली, महाडच्या बाजारात दुसरी मिळेल.

तिने पेला पायरीवर ठेवला आणि उठली. खोलीत आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवायला आली नाही. सहलीतल्या बायका विचारत होत्या, मी सांगितलं, चालून दमली.

१४ फेब्रुवारी, कन्याकुमारी

शंखशिंपल्यांच्या वस्तूंनी किनारा भरला आहे. पेट्या, आरसे, पडद्यांच्या माळा. यांतल्या निम्म्या गणपतीपुळ्यालाही मिळतात, तेव्हा इतक्या लांबून ओझं आणू नये. रंगीत वाळूच्या पुड्या मात्र इथल्याच.

सुनीतीने काही घेतलं नाही. मदुराईतही नाही. मीच म्हटलं, देवश्रीच्या भाचीला शिंपल्यांची माळ घे. तिने मान हलवली. मला वाटलं, चला, शेवटी हिला हिशेब पटला.

पण पुढे तिने जे केलं ते विचित्र होतं. म्हैसूरकडून आणलेलं बदक तिने पिशवीतून काढलं आणि वाळूत खेळणाऱ्या एका कोळ्याच्या पोरीला देऊन टाकलं. नवंकोरं. ती पोर दोरी धरून पळाली, वाळूत चाकं फिरेनात, बदक आडवं फरफटत गेलं. मी बोललो, की नुसतं द्यायचंच होतं तर घेतलं कशाला. सुनीती पाण्यात गुडघाभर उतरून उभी राहिली होती. ऐकू गेलं नसावं.

१८ फेब्रुवारी, महाड

वीरला दुपारी उतरलो. रिक्षा केली. दासगाव गेलं, नदी दिसली, सुनीती बाहेर बघत होती. प्रवासभर ती एवढी गप्प होती की मलाही बोलायची सवय गेली होती.

घरासमोर मी उतरलो, बॅगा उतरवल्या. ती उतरली नाही.

"मी पुढे जाते," ती म्हणाली. "बिरवाडीला."

"आत्ता? कशाला?"

"तुम्ही जेवून घ्या. देवश्री डबा देईल."

रिक्षावाल्याला तिने चल म्हटलं. मी बॅगा घेऊन रस्त्यात उभा.

अंधार पडता पडता देवश्री डबा घेऊन आली. ती इथल्या शाळेत शिकवते, मला काका म्हणते. मी तिला सरळ विचारलं, काकू बिरवाडीला का गेली. ती डबा हातात धरूनच खुर्चीत बसली.

"काका, समीक्षा गेली."

मी विचारलं, "कोण समीक्षा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमची नात."

मग तिने सगळं सांगितलं. मुलीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. वजन भरलं की शस्त्रक्रिया करू असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि वजन भरत नव्हतं. जानेवारीपासून छातीत कफ. आम्ही निघालो तेव्हा तिला मुंबईला हलवायचं चाललं होतं. मध्ये दोन दिवस उतार पडला. शनिवारी दुपारी गेली. संध्याकाळी सुनीतीचा फोन आला तो देवश्रीनेच घेतला.

देवश्रीला भाची आहे का, ते मी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

शनिवारी आम्ही मदुराईत होतो. त्या दिवसाचं पान काढून वाचलं. खोडलं काही नाही.

देवश्रीने डबा आणला, तसाच परत दिला.

मला कुणी सांगितलं नाही, असं मनात येतं, आणि लगेच ते पान आठवतं, जेवणाचं. सांगायला आली होती. पण असंही वाटतं की एका शब्दावरून मी उठलो म्हणून काय झालं, दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, मदुराईच्या पायरीवर सांगता आलं असतं. तिने का नाही सांगितलं? मी इतका निर्दय आहे का, की नात गेली म्हटल्यावर तिकिटांचं बोललो असतो?

हा प्रश्न सकाळपासून धरून बसलो आहे. उत्तर मला ठामपणे देता येत नाही.

२३ फेब्रुवारी

आज गेलो.

बिरवाडीत विचारत विचारत खोली सापडली. कुलूप. घरमालक म्हणाला, सगळी गावाला गेलीत. तुम्ही कोण? मी म्हटलं, महाडचा. बिरवाडीला पोचायला मला अर्धा तासही लागला नव्हता.

पोलादपूरला एसटी बदलली. वाडी वर, गाडी जाते तिथून पुढे चढणीची वाट. दम लागत होता. वाटेत कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असावं, कारण एका बाईने न विचारताच हाताने घर दाखवलं.

पडवीत बायका बसल्या होत्या. त्यांच्यात सुनीती. तिने मला पाहिलं आणि पदर सारखा केला, उठली नाही. सहदेव खांबाला टेकून उभा होता. बस म्हणेना, जा म्हणेना. मी अंगणात तसाच. मग आतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोलादपूरच्या स्टँडवरची तीच नऊवारीतली म्हातारी. सहदेवची आई, प्रयागबाई.

"बसा व्याही," ती म्हणाली. "उनातनं आलाव. पानी घ्या."

मला या नात्याने आजवर कुणी हाक मारली नव्हती. मी बसलो. तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

चैत्राली आतल्या खोलीत होती. मी आलोय हे तिला कळलं होतं, कारण आतून कुणीतरी बोललेलं ऐकू आलं. प्रयागबाई आत जाऊन आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "ती नाय येत. तिला नका बोलावू. लेकराची आई हाय, तिच्या मनाला येल तवा येल."

मी म्हटलं, मी बोलावत नाही.

"चार वरसाची पोर," म्हातारी म्हणाली. "खेळत खेळत दमायची, मंग माझ्या मांडीत निजायची. दमली का वठ निळं पडायचं." आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

किती वेळ बसलो कळलं नाही. सुनीतीशी एक शब्द झाला नाही. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा सहदेव स्वतः म्हणाला, चला, वाटेला लावतो. पुढे तो, मागे मी. तो मला काही हाक मारत नव्हता, नुसतं बोलत होता.

तो म्हणाला, "तिला ठाऊक होतं तुम्ही आहात म्हणून. महाडच्या आई दर गुरुवारी यायच्या. काय आणलं की सांगायच्या, आजोबांनी पाठवलंय. आजोबा लांब लांब गावांना जातात आणि तुझ्यासाठी बघून बघून आणतात. ती मग विचारायची, आजोबा येणार कधी. आम्ही सांगायचो, लांब हायेत."

मी विचारलं, "तिला काय आवडायचं?"

तो थांबला. थोडा विचार करून म्हणाला, "सगळंच. तिला काय, कायपण दिलं तरी आवडायचं."

गाडी आली. मी बसलो. तो खाली उभा राहिला, गाडी वळेपर्यंत.

१ मार्च

भिकाजी वाटेत भेटले. पुस्तक कुठवर आलं, विचारत होते. आता छापणार नाही म्हटलं. त्यांनी कागद आणून ठेवला आहे म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्या कशाला वापरा. कारण सांगितलं नाही. त्यांना ते आधीच कळलेलं असावं, कारण त्यांनी फार आग्रह धरला नाही.

स्वतःच भात करतो. खालून करपतो.

५ मार्च

सुनीती आली. सकाळी दारात उभी, हातात तीच प्रवासाची बॅग. किती वाळली आहे. आत येऊन तिने आधी स्वयंपाकघर पाहिलं, करपलेलं पातेलं भिजत घातलं. मी मागे उभा राहिलो.

मी म्हटलं, "मला सांगायला हवं होतंस."

ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "कधी? तुम्ही बसलेले असताना सांगायचं, की उठून गेल्यावर?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी जेवलो. मधेच ती म्हणाली, मी यापुढे दर गुरुवारी बिरवाडीला जाणार आहे, सांगून जाईन. चैत्राली खात नाही, कुणीतरी समोर बसायला लागतं. मी म्हटलं, जा. हात वाळेस्तोवर पानावर बसून राहिलो.

९ मार्च, गुरुवार

सुनीती निघताना मी विचारलं, "मी येऊ का?"

ती चपला घालत होती. म्हणाली, "तिला विचारते."

दिवसभर घरात होतो. पेपर वाचला, पुन्हा वाचला. चार वाजल्यापासून गॅलरीत बसलो होतो. दिवेलागणीला रिक्षा आली. सुनीती उतरली, पैसे दिले, वर आली. ती पाणी प्यायली, देवापाशी दिवा लावला, मग माझ्यासमोर येऊन बसली.

"विचारलं," ती म्हणाली. "सध्या नको म्हणते."

‘सध्या’ हा शब्द चैत्रालीचा, की सुनीतीने वाटेत आपल्या पदरचा घातला, हे मी विचारलं नाही.